गाडीवरचा चरा : मूळ रंग वाचवण्यातच फायदा

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी दुकानाला निघण्यापूर्वी आम्ही गाडीत कापडाचे नमुने ठेवायला गेलो, तर डाव्या अंगाला मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत एक लांब पांढुरकी रेघ दिसली. आधी वाटले, कुठल्या तरी भिंतीचा चुना लागला असेल. बोट ओले करून फिरवले. चुना निघाला नाही, उलट नख अडकले. कुणीतरी किल्ली किंवा खिळा दाबून धरून गाडीच्या कडेने चालत गेले होते. गाडी रात्रभर गल्लीतच उभी होती.

राग येणे साहजिक होते. दोन दिवस आधीच गाडी उभी करण्याच्या जागेवरून शेजारच्या इमारतीतल्या एका तरुण मुलाशी आमची बाचाबाची झाली होती. त्यामुळे संशय सरळ त्याच्यावर गेला आणि त्याच्या वडिलांकडे जाण्यासाठी आम्ही पायात चपलाही घातल्या. परंतु घरातून विचारणा झाली की, तुम्ही पाहिले आहे काय? पाहिले तर नव्हते. समोरच्या दुकानाचा कॅमेरा तपासला. त्यात अंधाराशिवाय काही दिसले नाही. तेव्हा चपला काढून ठेवल्या आणि आधी गाडीकडे लक्ष देण्याचे ठरवले.

हा लेख लिहिण्याचे कारण असे की, आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांकडे आता चारचाकी आहे आणि अनेक बांधव डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातही आहेत. चरा पडला की मालक घाबरतो, गॅरेजवाला ‘पूर्ण दार मारू’ म्हणतो आणि मालक मान हलवतो. या घाईत गाडीची सर्वात मोलाची वस्तू, म्हणजे कारखान्यात लागलेला मूळ रंग, नाहक खरवडून जातो. एकदा गेलेला तो रंग कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नसून पदरचे पैसे घालवून शिकलो आहोत.

आधीचा महागडा धडा

आमच्याकडे पूर्वी चंदेरी मेटॅलिक रंगाची गाडी होती. २०१६ साली तिच्या पुढच्या दारावर असाच कुणीतरी चरा ओढला. चरा वीतभर होता आणि नखाला जेमतेम लागत होता. आम्ही जवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे सांगण्यात आले, ‘शेठ, दार पूर्ण मारावे लागेल.’ आम्ही होकार दिला. दार रंगून आले तर शेड शेजारच्या पत्र्यांशी जुळेना. मग मागचे दार मारले. तरी फरक राहिला म्हणून पुढचे मडगार्डही मारले. वीतभर चऱ्यासाठी तीन पॅनेलचा मूळ रंग गेला.

खरा फटका २०२१ साली गाडी विकताना बसला. घेणाऱ्याने सोबत एक माणूस आणला होता. त्याच्या हातात रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र होते. छतावर त्याने १०५ मायक्रॉन वाचले, बॉनेटवर ११०. आमच्या पुढच्या दारावर मात्र ३१० आणि मागच्या दारावर २६० आकडा आला. तो माणूस म्हणाला, ‘ही गाडी ठोकलेली आहे.’ आम्ही सांगून थकलो की फक्त चरा होता, अपघात नव्हता. पण पुरावा काय? ना फोटो, ना बिल. सौद्यातून पंचवीस हजार रुपये कमी झाले, आणि त्याहून वाईट म्हणजे आयुष्यभर व्यापार करून त्या दिवशी आम्ही खोटे ठरलो.

तात्पर्य, यावेळी घाई करायची नाही असे आम्ही ठरवले.

रंग म्हणजे एक थर नव्हे

आपल्याकडचे जुने पेंटर आजही गाडीच्या रंगाला ‘ड्युको’ म्हणतात. ड्युको हे अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने १९२० च्या दशकात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे व्यापारी नाव होते. त्यापूर्वी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत. ड्युकोने ते काम काही तासांवर आणले. रंग बदलला, तंत्र बदलले, पण आपल्या गल्लीत नाव टिकून राहिले.

आजच्या गाडीचा रंग मात्र वेगळा असतो. कारखान्यात उघडी बॉडी प्रथम मोठ्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तिच्यावर गंजरोधक थर चढवतात. त्याला ईडी कोट म्हणतात. त्यावर प्रायमर-सरफेसर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून जाडी साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे ज्या रंगासाठी आपण एवढे जपतो तो सगळा मिळून दोन केसांएवढाही जाड नसतो. त्यात प्रत्यक्ष रंगाचा थर तर अवघा १० ते २० मायक्रॉन आणि वरचा क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन.

मूळ रंगाला एवढी किंमत का, याचे कारण भट्टीत आहे. कारखान्यात बॉडी नुसता पत्रा असताना तिला १३० ते १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात, आणि ईडी कोट तर त्याहूनही जास्त उष्णतेत पक्का करतात. तयार गाडीत वायरिंग, रबर, काच, प्लास्टिक, सीट असे सगळे असते. ती एवढ्या उष्णतेत घालता येत नाही. म्हणून चांगल्यातल्या चांगल्या बूथमध्येही दुरुस्तीचा रंग ६० अंशांच्या आसपासच भाजतात आणि तो हार्डनरच्या जोरावर पक्का होतो. चांगल्या कारीगराचा रंग वर्षानुवर्षे टिकतो, यात शंका नाही. पण तो कारखान्याचा रंग नव्हे.

चरा किती खोल आहे?

दुरुस्तीचा सगळा निर्णय चऱ्याच्या खोलीवर अवलंबून असतो. खोली पाहण्याच्या तीन सोप्या परीक्षा आहेत. त्या घरीच करता येतात.

पहिली परीक्षा पाण्याची. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावी आणि चऱ्यावर पाणी शिंपडावे. ओला असताना चरा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर पुन्हा पांढरा दिसू लागला, तर जखम फक्त क्लिअर कोटमध्ये आहे.

दुसरी परीक्षा नखाची. चऱ्यावर आडवे नख फिरवावे. नख घसरून गेले तर चरा पॉलिशने निघण्यासारखा आहे. नख अडकले तर तो क्लिअर कोटमध्ये खोल गेला आहे किंवा क्लिअर फोडून रंगापर्यंत पोहोचला आहे.

तिसरी परीक्षा डोळ्यांची, तीही उन्हात. चऱ्याच्या तळाशी गाडीचाच रंग दिसत असेल तर बेस कोट शाबूत आहे. तळ राखाडी किंवा पांढरट दिसत असेल तर प्रायमर उघडा पडला आहे. चकाकता पत्रा दिसत असेल तर विलंब करू नये. आता अनेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, तरी त्यावर विसंबून बसणे शहाणपणाचे नाही. मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा फार लवकर गंज धरतो.

मुद्दाम ओढलेल्या चऱ्याची आणखी एक खूण असते. तो सगळीकडे सारखा नसतो. हाताचा जोर कमी-जास्त होतो, आणि दाराच्या उंचवट्यावर किल्ली जास्त रुतते. आमच्या गाडीवर जवळजवळ चार फुटांच्या चऱ्यात तीन फूट जखम क्लिअरपुरतीच होती, आठ-नऊ इंच रंगापर्यंत आणि दाराच्या उंचवट्यावर दोन इंच थेट पत्र्यापर्यंत गेली होती. म्हणजे एकाच चऱ्याला तीन वेगवेगळे उपचार लागणार होते. पूर्ण दार खरवडणे हा त्यातला एकही नव्हता.

पहिल्या दिवशी काय करू नये

रागाच्या भरात कोरड्या फडक्याने चरा घासू नये. गाडीवरची धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. त्याने आजूबाजूला शेकडो बारीक रेघा उमटतात. टूथपेस्ट, भांडी घासण्याची पावडर, रॉकेल असले घरगुती उपाय करू नयेत. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात हे खरे, पण ते रंगाच्या हिशेबाने बनवलेले नसतात. रस्त्यावर मिळणारे चकचकीत वॅक्स तर अजिबात चोळू नये. ते चऱ्यात जाऊन बसते आणि पुढे रंग धरू देत नाही.

करायचे ते एवढेच. गाडी धुवावी आणि भर उजेडात फोटो काढावेत, लांबून आणि जवळूनही. पत्रा उघडा पडला असेल तर तेवढी जागा स्वच्छ कोरडी करून दोन-चार दिवसांत प्रायमरचा हात लावून घ्यावा. बाकी चऱ्याला घाई नाही. आठवडाभर थांबल्याने तो वाढत नाही.

क्लिअरमधला चरा कसा काढतात?

आम्ही दोन ठिकाणी विचारपूस केली. एका मोठ्या वर्कशॉपने दोन दारे आणि शेड मिळवण्यासाठी मागचा भाग, असे तीन पॅनेल धरून अठरा हजार सांगितले. दुसरे होते एक वयस्कर कारीगर. लहानशा जागेत काम करतात. त्यांनी आधी बोट फिरवले, मग पाणी टाकले, मग यंत्राने जाडी मोजली. आमच्या दारावर ११२ ते ११८ आकडा आला. ते म्हणाले, ‘शेठ, रंग कंपनीचा आहे. याला हात कमी लावू.’ तीन दिवसांचे काम आणि साडेचार हजार रुपये ठरले. हे वाक्य ऐकूनच आमची तसल्ली झाली.

क्लिअरमधला चरा ‘भरत’ नाहीत. चऱ्याच्या दोन्ही काठांचा क्लिअर अगदी थोडा घासून चऱ्याच्या तळाशी समपातळी करतात. उस्तादांनी प्रथम दाराच्या कडा आणि उंचवटे मास्किंग टेपने झाकले, कारण तिथे रंग पातळ असतो आणि लगेच उडतो. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला २००० नंबरचा वॉटर पेपर छोट्या ठोकळ्यावर लावून हलक्या हाताने घासले. त्यानंतर ३००० नंबरचा पेपर, मग कंपाउंड आणि शेवटी बारीक पॉलिश. मध्ये मध्ये ते जाडी मोजत होते.

हे मोजणे महत्त्वाचे आहे. क्लिअर कोट हा उन्हापासून रंगाचे रक्षण करणारा थर आहे. तो फार घासला गेला की काही वर्षांत पॅनेल फिके पडते आणि क्लिअरचे पापुद्रे निघू लागतात. म्हणून एका जागी आठ-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त घासू नये, असा जाणत्या कारीगरांचा शिरस्ता आहे. चऱ्याचा थोडा अंश राहिला तरी चालेल. शंभर टक्के चरा घालवण्याच्या हट्टापायी क्लिअर घालवणे हा तोट्याचा सौदा आहे.

एक सूचना. काही साध्या एकरंगी गाड्यांवर वेगळा क्लिअर नसतो, वरचा थर रंगाचाच असतो. पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन कोपऱ्यात थोडे घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाही असे समजावे. तिथे घासण्यात दुप्पट सावध राहावे.

खोल चऱ्याची भरणी

जिथे रंग फुटला होता तिथे उस्तादांनी टच-अप केला. हे काम चित्रकाराच्या सबुरीचे आहे. किल्लीने चिरताना रंगाचे काठ थोडे वर उचलले जातात. ते आधी बारीक पेपरने बसवून घेतले. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने चऱ्यातले वॅक्स व तेल पुसले. उघड्या पत्र्याच्या दोन इंचांवर प्रायमरचा पातळ हात दिला. वाळल्यावर अगदी बारीक ब्रशने, काही जागी तर टूथपिकच्या टोकाने, बेस कोट फक्त चऱ्याच्या आत सोडला. एकाच जाड थराऐवजी चार-पाच पातळ थर, आणि प्रत्येक थरानंतर वाळायला वेळ. रंग वाळताना आकसतो, म्हणून जाड थर खाली बसतो आणि खळगा राहतो.

काठांवर सांडलेला रंग त्यांनी सपाट पट्टीवर गुंडाळलेल्या आणि थिनरने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसला. आम्हाला भीती वाटली की थिनरने गाडीचाच रंग जाईल. त्यांनी खुलासा केला की, कारखान्यात भाजलेला क्लिअर हलक्या हाताने पुसलेल्या थिनरला दाद देत नाही, पण नुकताच लावलेला रंग निघतो. मात्र ज्या गाडीवर पूर्वी साध्या लॅकरचे काम झाले आहे तिथे हीच युक्ती महागात पडते. तिथे थिनरने सगळेच विरघळते. म्हणून आधी यंत्र लावणे, मग थिनर.

बेस कोटवर हार्डनर मिसळलेला क्लिअर, तोही थोडा उंच राहील असा भरला. मग गाडी आम्हाला परत दिली आणि आठ दिवसांनी बोलावले. या आठ दिवसांत क्लिअर पक्का झाला. नंतर तो उंचवटा २००० नंबरच्या पेपरने समपातळी करून पॉलिश केले. आम्ही पावसाळा संपल्यावर गेलो होतो ते बरे झाले. दमट हवेत लॅकर पांढुरका पडण्याची भीती असते. त्यामुळे भर पावसात घाईने असे काम करून घेऊ नये.

परिणाम काय? चार पावलांवरून चरा दिसत नाही. जवळ जाऊन, उन्हाच्या तिरिपीत, कुठे पाहायचे हे माहीत असेल तर खोल जागेची बारीक रेघ दिसते. टच-अपने जखम अदृश्य होईल असे जो सांगतो तो गिऱ्हाइकाला फसवतो. पण दारावर यंत्र लावले तर चऱ्याची जागा सोडून सगळीकडे आजही कंपनीचाच आकडा येतो.

पूर्ण पॅनेल केव्हा मारावे?

पूर्ण पॅनेल कधीच मारू नये असे आमचे म्हणणे नाही. चरे अनेक असतील, कुणी शिवीगाळ कोरली असेल, पत्र्याला पोचा आला असेल, गंज पसरला असेल किंवा रंग मुळात कंपनीचा राहिलाच नसेल, तर पॅनेल मारणेच योग्य. तेव्हा शेडचा प्रश्न येतो, आणि इथे कापडाच्या धंद्याचा अनुभव कामी येतो.

कापडात एकच शेड नंबर असला तरी दोन लॉटमध्ये फरक पडतो, हे आपल्याला ठाऊक आहे. साडी आणि ब्लाउजपीस ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळते आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उन्हात गेले की तक्रार घेऊन परत येते. गाडीचेही तसेच. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो, पण त्या कोडचेही लॉटप्रमाणे प्रकार निघतात आणि आपली गाडी काही वर्षे उन्हात तापून थोडी बदललेली असते. मेटॅलिक रंगात तर ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. गनचा दाब, अंतर आणि हात बदलला की ते कण वेगळे बसतात आणि तोच रंग एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने काळपट दिसतो. आमच्या चंदेरी गाडीचे हेच झाले होते.

म्हणून कापड रंगवण्यापूर्वी जसा लॅब डिप मंजूर करतो, तसा आधी पत्र्याच्या तुकड्यावर बेस आणि क्लिअर मारून, वाळवून, तो तुकडा भर उन्हात गाडीला लावून पाहावा. मंजूर झाल्यावरच गन उचलू द्यावी. बेस कोट शेजारच्या भागात विरत नेणे आणि क्लिअर मात्र पॅनेलच्या कडेपर्यंत पूर्ण मारणे, ही चांगल्या कामाची पद्धत आहे. क्लिअर मध्येच तोडला की काही दिवसांनी तिथे कड उमटते. आणि जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडू देऊ नये. मूळ ईडी कोट शाबूत असेल तर त्याच्याइतका चांगला पाया गॅरेजात बनत नाही.

विम्याचा हिशेब

बरेच लोक म्हणतात, विमा आहे ना, मग चिंता कशाला? फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर अशा नुकसानीचा पैसा मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत दुसऱ्याने खोडसाळपणे केलेले नुकसान येते. परंतु क्लेम करण्यापूर्वी कागद-पेन घेऊन बसावे.

समजा रंगकामाचे बिल १०,००० रुपये झाले. प्रचलित अटींप्रमाणे एकत्रित बिलातला २५ टक्के भाग सामानाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे १,२५० रुपये गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची कपात. हाती आले ७,७५०.

आता दुसरी बाजू. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा वाढतो. ही सूट ओन डॅमेजच्या हप्त्यावर असते. तो हप्ता मुळात १२,००० धरू. ५० टक्के बोनसवाला ६,००० भरतो. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो. पुढच्या पाच नूतनीकरणांत त्याला अनुक्रमे १२,०००, ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० भरावे लागतील. जादा गेलेली रक्कम ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००, एकूण १५,००० रुपये. गाडीची किंमत घटते तसा हप्ताही घटतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. तरी ७,७५० मिळवण्यासाठी त्याहून जास्त घालवण्यात कोणता फायदा? झिरो डेप किंवा बोनस रक्षणाचे जादा कलम घेतले असेल तर हिशेब बदलतो. आपली पॉलिसी काढून वाचावी.

तक्रार करावी काय?

करावी. पैसे मिळतील म्हणून नव्हे, तर नोंद राहावी म्हणून. कायद्यात अशा नुकसानीला ‘आगळीक’ म्हणतात. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४२७ लागत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३२४ लागते. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुकसान २०,००० रुपये किंवा अधिक, पण एक लाखापेक्षा कमी असेल तर दोन वर्षांपर्यंत. लहान नुकसानीची पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद होते. क्लेम करायचा झाला तर विमा कंपनीही हा कागद मागू शकते. आम्ही नोंद केली, फोटो जोडले आणि संशयिताच्या रकान्यात कुणाचेही नाव लिहिले नाही. जे पाहिले नाही ते लिहायचे कसे?

पुढची काळजी म्हणून दोन शब्द. सिरॅमिक कोटिंग विकणारे चऱ्याचीही हमी दिल्यासारखे बोलतात. ते कोटिंग पाणी आणि मळ सरकवते, पण दाबून ओढलेल्या किल्लीला अडवत नाही. निसान कंपनीने २००५ मध्ये बारीक रेघा आपोआप भरून काढणारा क्लिअर आणला होता. तोही बारीक रेघांपुरताच. पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म थोडेफार वाचवते, पण ती महाग असते. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे उजेडात आणि कॅमेऱ्यासमोर गाडी उभी करणे, आणि दुसऱ्याच्या दारासमोर न करणे.

गॅरेजवाल्या बांधवांना विनंती

पॅनेलवर दर लावण्याची पद्धत असल्यामुळे कारीगराला पूर्ण दार मारण्यातच पैसा दिसतो. टच-अपला मेहनत जास्त आणि बिल कमी. यावर उपाय असा की टच-अपची मजुरी तासावर घ्यावी आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की मी तुमचा मूळ रंग वाचवतो आहे. जाडी मोजणारे यंत्र आता काही हजारांत मिळते. कामापूर्वी आणि कामानंतर आकडे बिलावर लिहून द्यावेत. असे बिल मालकाला गाडी विकताना उपयोगी पडते, आणि तो पुढचे गिऱ्हाईक आपल्याकडे पाठवतो. आम्ही त्या उस्तादांकडे आतापर्यंत तिघांना पाठवले आहे.

आणखी एक. हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असते. बंद खोलीत, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी केल्यास दम्यासारखा कायमचा आजार जडू शकतो. योग्य मास्क आणि खेळती हवा ठेवावी. शिकाऊ मुलांना तर विनामास्क जवळही उभे करू नये.

शेवटी विक्रीबाबत. आपण ऐबाचा तागा वेगळा ठेवतो आणि सांगून विकतो. गाडीलाही हाच नियम लावावा. आमच्या गाडीच्या कागदांसोबत आता एक पाकीट आहे. त्यात चऱ्याचे फोटो, उस्तादांचे बिल, जाडीचे आकडे आणि पोलीस नोंदीची प्रत ठेवली आहे. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा घेणाऱ्याने यंत्र काढण्यापूर्वी ते पाकीट आम्हीच त्याच्या हातात देणार आहोत.

राहता राहिला तो शेजारचा मुलगा. मागच्या महिन्यात तो बहिणीच्या लग्नाचे कापड घ्यायला वडिलांसोबत दुकानात आला होता. त्याने चरा ओढला की नाही, हे आम्हाला आजही माहीत नाही. त्या सकाळी चपला घालून निघालो असतो तर ते दोघे दुकानाची पायरी चढले नसते. आम्ही नेहमीप्रमाणे कापड दाखवले, नेहमीच्या भावाने दिले, आणि गाडी उभी करण्याच्या जागेबाबतही दोन मिनिटांत बोलून घेतले. आता आमची गाडी त्यांच्या दारासमोर नसते.